आमची वाटचाल: खिशात फोन नसलेल्या पोरांसाठी डिजिटल काम

२०१४ ला सुरुवात केली तेव्हा म्युझियम वगैरे डोक्यातही नव्हतं. मी आणि बायको, पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटची बाल्कनी बंद करून केलेलं ऑफिस, आणि काम म्हणजे लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, क्लासेसचे फ्लेक्स. मग एकदा पाहुणे आले म्हणून केळकर म्युझियमला गेलो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने म्युझियम केलं, वस्तू २०,००० च्या वर. तिथे अडकित्ते बघून आमची मुलगी म्हणाली, सुपारीच कापायची तर एवढे वेगवेगळे कशाला? मी आपलं काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना आणि धंदा तिथून म्युझियमच्या डिजिटल कामाकडे वळला.

पहिलं काम मिळालं एका तालुक्याच्या गावात, जुन्या वाड्यातलं छोटं संग्रहालय. ४० वस्तूंना क्यूआर कोड लावले, स्कॅन केलं की माहिती, फोटो, ऑडिओ, सगळं. उद्घाटन झोकात झालं. दोन दिवसांनी झेडपी शाळेची सहल आली, ६२ पोरं आणि फोन एकच, तो पण सरांचा, आणि वाड्याच्या भिंती एवढ्या जाड की आत रेंजच नाही, सर खिडकीतून हात बाहेर काढून फोन वर धरून उभे. पोरांच्या खिशात फोन नसतो हे आम्हाला आधी सुचलंच नाही, आता काय बोलणार.

मग टचस्क्रीन बसवला. तर उलटंच झालं, सगळी पोरं स्क्रीनवर तुटून पडली, फोटो बोटांनी मोठा करतायत, आणि खरी वस्तू दोन हातावर काचेत, तिच्याकडे कोणी बघेना. तिथले वॉचमन काका म्हणाले, "साहेब, टीव्ही झकास आहे, पण पोरं टीव्हीच बघतात." एवढं खरं कुठल्या क्लायंटने सांगितलं नव्हतं.

मधे मला पेनाचं वेड लागलेलं. न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट म्युझियमने २०१५ ला प्रेक्षकांच्या हातात डिजिटल पेन दिलं, आवडलेल्या वस्तूच्या पाटीला ते टेकवायचं, घरी जाऊन आपली यादी बघायची. बायको म्हणाली, आपल्याकडे बँकेत साध्या बॉलपेनला दोरी बांधतात, तू कुठलं पेन वाटतोस. विषय संपला.

शेवटी आम्ही स्क्रीनवरचे फोटो काढूनच टाकले. फक्त प्रश्न ठेवला, उत्तर काचेतल्या वस्तूतच सापडेल असा. इंटरनेट नाही, सगळं स्क्रीनमागच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, लाईट गेली आणि आली की आपोआप चालू. आवाज काकांचा रेकॉर्ड केला, कारण आधीच्या व्हॉइसओव्हरवाल्याची शुद्ध मराठी ऐकून पोरं हसायची. (या कामाचं बिल १४ महिन्यांनी निघालं. त्या काळात परत लग्नपत्रिका केल्या, लपवायचं काय त्यात.)

एक प्रश्न असा होता, या अडकित्त्यात प्राणी-पक्षी किती? पितळी अडकित्ता, दांड्यांवर घोडा, वर मोर, पात्यापाशी मासा. आमचं उत्तर ३. पाचवीतली एक मुलगी ४ म्हणाली, स्क्रीनने चूक सांगितलं, तरी ती हटेना. मॅडमनी चष्मा लावून बघितलं, मग मी बघितलं. दोन दांड्या जिथे जुळतात त्या खिळ्याच्या मागच्या बाजूला नखाएवढा पोपट, ती खाली बसून तिरकं बघत होती म्हणून तिला दिसला. आम्ही फोटो समोरूनच काढलेला ना.

त्याच रात्री उत्तर बदललं आणि अडकित्त्याच्या मागे छोटा आरसा लावून घेतला, ३५ रुपयांचा. सगळ्या प्रोजेक्टमध्ये सर्वात जास्त गर्दी त्या आरशापाशी असते.