जुन्या फोर-बाय-फोरचं अ‍ॅव्हरेज: सहा दिवस, बाराशे किलोमीटर आणि एक वही

पहिल्या दिवशी ८.७, सहाव्या दिवशी ११.४. दोन्ही आकडे किलोमीटर प्रतिलिटरचे. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ताही तोच, फक्त परतीचा. मधल्या चार दिवसांत इंजिनाला डिझेल वाचवणारं कुठलं यंत्र जोडलं नाही, डिझेलमध्ये कसली बाटली ओतली नाही. मग हे अडीच-पावणेतीन किलोमीटर आले कुठून, ते सांगण्यासाठी हा वृत्तांत. अशीच वय झालेली गाडी घेऊन लांब निघणाऱ्यांना त्यातलं बरंचसं निघण्याआधीच करून घेता येईल. मला मात्र ते वाटेत करावं लागलं.

गाडी २.५ लिटर टर्बो डिझेल, पाच गिअर. फोर-व्हील लागते लिव्हरने, आणि पुढच्या चाकांचे हब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारे मधले भाग) हाताने फिरवून लॉक करायचे. मीटरवर २ लाख ८० हजार किलोमीटर. सोबत धाकटा भाऊ. वही त्याच्याकडे होती, आणि प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर आकडा लिहिल्याशिवाय तो गाडी हलू देत नव्हता.

अ‍ॅव्हरेज काढण्याआधी मीटर तपासा. माझ्या गाडीचे मूळ टायर २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. आता आहेत ३१ इंची, म्हणजे कागदावर ७८७. चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी सात टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. सरळ रस्त्यावर जीपीएस लावून पाहिलं, तर ५० किलोमीटर पुरे झाले तेव्हा मीटर ४७ दाखवत होता. टायर थोडे झिजलेले असल्याने फरक सातऐवजी साडेसहाच्या आत आला. मीटरचं अंतर मी त्या हिशेबाने १.०६४ ने गुणून घेतो, आणि खालचे सगळे आकडे तसेच आहेत. मोठे टायर टाकल्यावर ‘गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचं अ‍ॅव्हरेज निदान थोडंफार तरी फक्त मीटरवर पडलेलं असतं. वेगाचंही तसंच. काटा ९४ वर असताना मी प्रत्यक्षात १०० ने जात होतो, आणि बरीच वर्षं मला ते माहीत नव्हतं.

मोजायची पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल. पंपावरच्या नोझलने पहिल्यांदा कट मारला की थांबायचं, गाडी सपाट जागी उभी असली पाहिजे. डिझेलला फेस येतो, त्यामुळे अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतंच. ३६ लिटर भरताना एका लिटरची चूक तीन टक्क्यांहून कमी पडते, ११ लिटर भरताना तीच नऊ टक्क्यांवर जाते. म्हणून छोट्या टप्प्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नका.

पहिला दिवस सपाट महामार्ग, ३१५ किलोमीटर. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर डिझेलचे २० लिटरचे दोन जेरीकॅन, तंबू, पाण्याचे कॅन, वरून ताडपत्री. ताडपत्रीचं एक टोक दिवसभर फडफडत होतं. वेग खरा ९५ ते १००. संध्याकाळी ३६.२ लिटर डिझेल लागलं. ८.७.

मुक्कामाला उतरलो तेव्हा मागच्या डाव्या चाकाजवळ जळकट वास आला. चाकाच्या मधल्या भागाजवळ तळहाताची मागची बाजू नेली. उजवीकडे कोमट लागलं, डावीकडे हात धरवेना. (हात लावू नका, जवळ न्या. चिकटलेल्या ब्रेकचा ड्रम चटका देण्याइतका तापतो.) सकाळी गाडी थंड असताना बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडी टू-व्हीलमध्ये घेतली, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला आणि ते चाक जॅकवर उचललं. भावाने हाताने जोरात फिरवलं तर पाऊण फेरीत थांबलं. उजवं चाक तसंच उचलून फिरवलं तर तीन फेऱ्या गेलं.

‘‘दादा, म्हणजे काल दिवसभर आपण हँडब्रेक थोडा ओढूनच आलो की,’’ तो म्हणाला. अगदी तसंच झालं होतं. हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजली होती. आत लिव्हर सोडला तरी चाकाकडचा छोटा दांडा परत जागेवर येत नव्हता आणि ब्रेक शू ड्रमला घासत राहत होते. गंज सोडवणारं तेल मारलं, दांडा पक्कडीने वीस-पंचवीस वेळा मागेपुढे केला, तेव्हा तो आपणहून परत यायला लागला. हा तात्पुरता इलाज, घरी आल्यावर केबल नवीन टाकली. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना असाच त्रास देतात. त्या काढून, पुसून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, साधं ग्रीस तिथलं रबर फुगवतं.

त्याच सकाळी हवा पाहिली. थंड टायरमध्ये पुढे २७, मागे एकात २८ आणि दुसऱ्यात २६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). एवढा लोड आणि एवढी हवा! पुढे ३४, मागे ३६ केली. दारावरच्या पट्टीतला आकडा मूळ मापाच्या टायरसाठी असतो, टायरचं माप बदललं की तो जसाच्या तसा चालत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो चार पौंडांचा अंदाज. थंड असताना हवा लिहून ठेवायची, तासभर रस्त्यावर चालवून पुन्हा मोजायची. साधारण चार पीएसआय वाढली तर ठीक. सहा-सात वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती, टायर वाकून वाकून तापला. दोनच वाढली तर हवा जास्त आहे. मोजताना गरम टायरमधली हवा मात्र सोडायची नाही. आणि काहीही झालं तरी टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्यापुढे जायचं नाही.

दुसरा दिवस १८८ किलोमीटर, १९.८ लिटर, ९.५. ब्रेक सुटला होता, हवा बरोबर होती, टपावरचं ओझं तसंच होतं. रस्ता अरुंद असल्याने वेगही थोडा कमी होता, त्यामुळे सगळं श्रेय ब्रेक आणि हवेला देता येत नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. उतारावर आणि थंड हवेत तापमानाचा काटा पावाच्याही खाली येत होता. चढावर वर जाई, सपाटीला आलो की पुन्हा खाली. आतापर्यंत ‘इंजिन गरम होत नाही, छान आहे’ म्हणून मी त्यावर खूश होतो. इंजिन नीट असेल तर एकदा तापल्यावर काटा एका जागी बसला पाहिजे. सुट्या भागांच्या पेटीत पट्टे, होज आणि एक नवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) होता, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, थर्मोस्टॅटचं घर उघडलं. वरचं पाणी काढलं, तीन बोल्ट सोडले, झाकण हलवून सुटं केलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. रिकामी खोबण आणि तिच्या कडेला साचलेला तपकिरी चिखल. गाडी माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी तो काढून टाकला होता.

‘गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला अनेक गॅरेजांत मिळतो, आणि माझ्या मते जुन्या डिझेल गाड्यांचं त्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या सल्ल्याने झालेलं नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ऑइल जाड राहतं, सिलिंडरच्या थंड भिंती ज्वलनातली उष्णता ओढून घेतात, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी ऑइलमध्ये उतरते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची बायपासची वाटही बंद करतो. तो काढला तर काही पाणी रेडिएटरला बगल देऊन तसंच गरम परत फिरतं, आणि भर चढावर गाडी उलट जास्त तापते.

नव्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला सुरुवात. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहून घेतलं. त्याच्या कडेला हवा जाण्यासाठी बारीक हलती पिन असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. नवं गॅस्केट लावलं, कूलंट सावकाश भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. घाट चढताना काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन तिथेच थांबला. हीटरमधून इतकी गरम हवा मला या गाडीत पहिल्यांदाच मिळाली.

टपावरचं सामानही त्याच सकाळी आत घेतलं. भरलेला जेरीकॅन साधारण वीस किलोचा. असे दोन टपावर असले की गाडी वळणावर झुकते ते वेगळंच, त्यात वारा आडवा धरणारा ढीग तयार होतो. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना वजनापेक्षा वाऱ्याचा भार जास्त, चढावर आणि थांबत-थांबत जाताना वजनाचा. लांब जाणाऱ्याला दोन्ही भेटतात.

घाटाबद्दल थोडं. चढताना पाचव्यात दाबून धरून इंजिन कण्हायला लावू नका. माझं इंजिन मिनिटाला १,७०० ते २,२०० फेऱ्यांत खुशीत असतं, त्याखाली गेलं की एक गिअर खाली. उतरताना न्यूट्रल कधीही नको. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाच्या डिझेल पंपातला गव्हर्नर (डिझेल किती जावं ते ठरवणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलिंगपुरतं डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचतही होत नाही आणि इंजिनाचा ब्रेकही जातो, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.

चौथा दिवस नदीपात्र आणि कच्ची वाट, ३८ किलोमीटर. पात्रात उतरण्याआधी हब लॉक केले आणि टायर १८ पीएसआयवर आणले. बराच वेळ लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये. संध्याकाळी जेरीकॅनमधून टाकी पुन्हा काठोकाठ भरताना ११ लिटर गेलं, म्हणजे साडेतीनच्या आसपास. या आकड्याने घाबरू नका, पण तो हिशेबात धरा. रस्त्यावरच्या अ‍ॅव्हरेजवर डिझेलचा अंदाज बांधून वाळूत उतरणारा माणूस अडकतो. मी अशा वाटेसाठी प्रतिलिटर तीन धरतो आणि वर तिसरा हिस्सा शिल्लक ठेवतो. लो रेंजमध्ये डिझेल जास्त जातं म्हणून हायमध्येच क्लच घासत पुढे जाणं परवडत नाही, त्या एका दुपारी क्लच प्लेट संपते.

वाळूतून बाहेर आल्यावर डांबरी लागण्याआधी तीन कामं: फोर-व्हील काढणं, हब मोकळे करणं, हवा भरणं. पार्ट-टाइम फोर-व्हील कोरड्या डांबरीवर लावून ठेवली की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक कुठे सुटत नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. हब मोकळे केले की पुढचे अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट फिरायचे थांबतात. त्याने वाचणारं डिझेल थोडंच असतं, पण ते रोज वाचतं. आणि १८ पीएसआयवर महामार्गाला लागणं डिझेलपेक्षा जिवाच्या दृष्टीने वाईट, टायरची भिंत तापून फुटते. बारा व्होल्टचा चांगला पंप गाडीत हवाच.

पाचव्या दिवशी घाट उतरून १८८ किलोमीटरचा तोच रस्ता. सहाव्या दिवशी तोच महामार्ग, यावेळी कॅरिअर रिकामा आणि खरा वेग ८०. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि चौकोनी पेटीसारख्या गाडीला ते फारच जाणवतं. ३१५ किलोमीटरला पाऊण तासाच्या आसपास वेळ जास्त गेला, डिझेल लागलं २७.६ लिटर. वाऱ्याची दिशा दोन्ही दिवशी सारखीच होती असं नाही, तेव्हा ११.४ मधलं थोडं त्याच्या खात्यावरही टाकायला हवं. भावाने वहीत तेही लिहून ठेवलंय.

निघण्याआधी वेळ एकाच दिवसाचा असेल, तर माझ्या मते तो असा घालवा: चारही चाकं उचलून हाताने फिरवा, तापमानाचा काटा एका जागी बसतो का पाहा, हवा मोजा, टप रिकामा करा. एअर फिल्टर आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल नंतर. काळा धूर येत असेल तर मात्र आधी फिल्टर आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज तपासा. होजला आतल्या बाजूने चीर असते, वरून दिसत नाही, वाकवून पाहावं लागतं. रेडिएटरमागचा व्हिस्कस फॅन (इंजिन तापल्यावरच जोरात फिरणारा पंखा) थंड इंजिनावरही सतत घोंघावत असेल तर त्याचा क्लच जाम आहे. आणि वर्षभर हब मोकळे ठेवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ते लॉक करून, फोर-व्हील लावून काही किलोमीटर चालवावी, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधलं ऑइल सगळीकडे पोचतं आणि सील सुकत नाहीत. कॅरिअर मी घरी आल्यावर चार बोल्ट काढून उतरवला, तो आता भिंतीला टेकून उभा आहे. पुढची टाकी त्याच्याशिवाय मोजायची आहे.