अण्णांचा ब्लॉक

अण्णा आता कॅन्सरच्या उपचारांच्या ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या वैद्यकीय चाचणीत आहेत. पण त्यांच्या बायोप्सीचा ब्लॉक मिळवण्यात गेलेले 19 दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा, 10 पर्यंतचा आकडा) 8. सांगलीतल्या आमच्या युरॉलॉजिस्टनी मुंबईच्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. तिथल्या ट्रायलच्या निकषांत अण्णा बसत होते. इथवर सगळं दोन दिवसांत झालं. मग कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, "नुसता रिपोर्ट चालणार नाही, पॅराफिन ब्लॉक आणा." बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो हा ब्लॉक. ट्रायल अनेक हॉस्पिटलांत चालते, म्हणून सगळ्यांचे ब्लॉक एकाच ठिकाणी पुन्हा तपासतात.

बायोप्सी झाली होती तिसऱ्याच हॉस्पिटलात. तिथे खिडकीवर, "ताई, रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला?" दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला स्लाइड हातात ठेवल्या, ब्लॉक नाहीच. मग म्हणे पेशंटची सही हवी. 72 वर्षांच्या अण्णांना रिक्षातून नेलं, तर मूळ आधार कार्ड मागितलं. ते घरी! इकडे ट्रायलसाठी बोन स्कॅन (हाडांचा स्कॅन) 28 दिवसांच्या आतला लागणार होता आणि एकेक दिवस सरत होता. स्कॅन पुन्हा करायची वेळ आली तर अण्णा तयार होतील का, या काळजीनं मला रात्री झोप नसायची.

शेवटी युरॉलॉजिस्टनीच तिथल्या पॅथॉलॉजिस्टना फोन लावला. मुंबईहून पत्र आलं: बायोप्सीचा नंबर, ब्लॉक कशासाठी हवा, काम झाल्यावर परत करू. अर्ध्या तासात ब्लॉक मिळाला. हे पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या, आणि डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. संकोच करू नका, मी केला आणि दिवस घालवले.

संमतीपत्र मराठीत मिळतं. घरी आणून वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद ट्रायलसाठीच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे, ते कलम त्यात शोधा. त्याआधी सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायल जिथे नोंदवतात त्या सरकारी नोंदणीच्या) संकेतस्थळावर ट्रायलची नोंद पाहा, पैसे लागत नाहीत.

ट्रायलमध्ये नवा उपचार मिळणार की नेहमीचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. अण्णा नेहमीच्या उपचारांच्या गटात आले. मला वाईट वाटलं, अण्णांना नाही. "तपासणी तर नीट होतेय ना," म्हणाले.

आणि हो, ब्लॉक नेताना एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मेणाचा असतो.