वापसी

यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावीला गणित शिकवते. शाळेच्या तीन बाजूंना केळीच्या बागा, चौथीकडे रस्ता, आणि त्या रस्त्यावर दिवसभर केळीचेच ट्रक. अशा ठिकाणी सरकारचा आदेश आला, २०२३ च्या नोव्हेंबरात: पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्या, न खाणाऱ्याला केळं द्या, मुलामागे ५ रुपये. अंड्यावरून गावात सभा भरली असती. म्हणून मुख्याध्यापकांनी सरसकट केळं ठरवून विषय मिटवला. ज्या पावरा आदिवासी मुलांना अंडं आवडीने चाललं असतं, त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

वाटपाचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नसतं. हजेरीशी आकडा जुळवायचा, फोटो काढायचा, तो केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा, रजिस्टर भरायचं. रजिस्टरात वाटलेल्या केळ्यांचा रकाना आहे. खाल्लेल्यांचा नाही.

ही गोष्ट फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारची. पाण्याच्या टाकीमागे मला अर्धवट खाल्लेली केळी दिसली. मोजली, तर सतरा. वर्गात मुलं एक्केचाळीस. खिचडीवाल्या मावशींकडून सूप मागून घेतलं, त्यात सगळी गोळा केली आणि टेबलावर जुना पेपर पसरून ओळीने मांडली. रागात होते, त्यामुळे आधी अन्नाच्या नासाडीवर माझं नेहमीचं भाषण झालं. मुलं मान खाली घालून ऐकतात. भाषण संपायची वाट कशी बघायची, हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं. याच वर्गाने सामान्यज्ञान स्पर्धेत ‘जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन कधी मिळालं?’ याला एका सुरात ‘२०१६’ म्हणून बक्षीस आणलं होतं.

मग आठ हजार खोडंवाला उठला. आमच्याकडे केळी एकरात मोजत नाहीत, खोडांत मोजतात. त्याच्या बापाची आठ हजार. तो अगदी शांतपणे म्हणाला, “मॅडम, हा तं वापसी माल हाये. चरका लागेल केयी कोन खाईन?”

चरका म्हणजे थंडीचा मार. रात्रीचा पारा फार उतरला की केळ्याच्या सालीची चमक जाते, ती काळपट पडते. आतला गर बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण बाजारात असा माल ‘वापसी’त जातो, नवतीच्या, म्हणजे चांगल्या मालाच्या, भावाला लागत नाही. पोरगं उद्धटपणे बोललं नव्हतं. त्याच्या घरी जे रोज कानावर पडतं, तेच त्याने मला ऐकवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून म्हटलं, चला, तुझ्याच वावरात जाऊन हिशेब करू.

सोमवारी गेलो. क्षेत्रभेटीची परवानगी काढायला तीन दिवस आणि दोन अर्ज लागतात. मी ‘परिसर अभ्यास’ असं लिहून मोकळी झाले.

त्या दिवशी कापणी होती. हा तास मी मनापासून आखला होता, तेव्हा थोडं सविस्तर सांगते. मुलांनी टेपने दोन खोडांमधलं अंतर मोजलं: पाच फूट बाय पाच फूट. एका खोडाला एकच घड येतो, तो कापला की खोडाचं काम संपलं. पुढचं पीक बुंध्याच्या पिलावर. हे गावातल्या मुलांना माहीत असतं, पण माहीत आहे हे त्यांच्या लक्षात नसतं. एक घड आम्ही काट्याला लावला. काटा स्थिर होण्याआधीच घड वाहणारा माणूस “बावीस” म्हणाला. बावीसच भरला. फण्या नऊ, एका फणीत सरासरी सोळा, म्हणजे १४४ केळी. लागवडीपासून कापणीपर्यंत अकरा महिने, ३३० दिवस. ठिबकचं पाणी उन्हाळ्यात खोडाला रोज वीस लिटरच्या घरात, थंडीत निम्म्यावर, पावसाळ्यात त्याहून कमी. मुलांनी भाऊंशी, म्हणजे आठ हजार खोडंवाल्याच्या वडिलांशी, हुज्जत घालून सरासरी बारा लिटर ठरवली. भागाकार फळ्याविना, मातीत काटकीने केला: ३,९६० भागिले १४४. एका केळ्याला साडेसत्तावीस लिटर.

तेवढ्यात माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची पावरा मुलगी त्या घड वाहणाऱ्या माणसाजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावरचा घसरलेला पंचा सरळ करून आली. तो तिचा बाप. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि मला ठाऊक नव्हतं.

तिथून आम्ही पॅकिंगच्या शेडकडे गेलो. जायला नको होतं, असं आता वाटतं. फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवून काढतात, पुसतात, १३ किलोच्या खोक्यात भरतात. एक्स्पोर्टचा माल. एखाद्या फणीवर बोटाच्या पेरभर डाग दिसला की ती बाजूला. बाजूचा ढीग ट्रॉलीभर झाला होता. “भाऊ, याचं काय करता?” मी विचारलं. “भाव मिळाला तं वापसीत, न्हाई तं ढोराईले,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. भाव बऱ्हाणपूरच्या बाजारावरून ठरणार, त्यात त्यांचं काय चालतं? पण आठ हजार खोडंवाला माझ्याकडे बघत होता. बोलला काही नाही. माझ्या सुपात सतरा अर्धी केळी होती आणि इथे ट्रॉली.

शाळेत परतल्यावर मी हट्टाने धडा पुरा करायला निघाले. खिचडीच्या पाण्याचा हंडा अंगणात आणवला. म्हटलं, अर्धं केळं फेकलं की एवढं पाणी मातीत जातं, आता बघा. आणि हंडा कलता केला. नाट्य म्हणून छान होतं. पण त्याच मुलीने धावत येऊन हंड्याचा काठ दोन्ही हातांनी धरला.

“ओतू नका, मॅडम.”

“अगं, दाखवतेय फक्त.”

“हापशावरून मावशीबरोबर मी आनला.”

तिने सोडला नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी ओढलं असतं तर हंडा माझ्याच पायावर आला असता. शेवटी दोघींनी मिळून तो परत चुलीपाशी नेऊन ठेवला. वर्ग गप्प होता, पण माझ्या भाषणाच्या वेळी असतो तसा नाही.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, “मूल्यशिक्षणाच्या वहीत लिहून टाका, केंद्रप्रमुखांना दाखवायला होईल.” त्यांच्या सगळ्या वह्या कायम पूर्ण असतात.

पुढच्या शुक्रवारी टाकीमागे एकही केळं नव्हतं. बादलीतही नाही. मी खूश होऊन वर्गाकडे वळले, तर व्हरांड्यात रांग लागलेली. आठ हजार खोडंवाला उकिडवा बसला होता. प्रत्येकाचं केळं हातात घेऊन साल बघायचा आणि न सोलता एक उजव्या पोत्यावर, एक डाव्या पोत्यावर ठेवायचा. उजवीकडची नवती, ती खायची. डावीकडची वापसी. डाव्या पोत्यावर तेरा जमली होती.

“अर्धी नै फेकली, मॅडम. कोनीच नै,” तो म्हणाला. खरं बोलत होता.

“आणि या तेरांचं काय?”

“ते ती नेते.”

हंडा धरणारी ती मुलगी पिशवी घेऊनच उभी होती. त्यातलं एक केळं तिने तिथेच सोललं, वरचा काळा टोकाचा भाग नखाने काढला आणि खाल्लं. गर पांढराशुभ्र होता. उरलेली बारा मोजून पिशवीत टाकली. मी तिला थांबवायला हवं होतं, की ज्यांनी दिली त्यांना? तोंड उघडलं, पण शब्द जुळेनात. तेवढ्यात मुख्याध्यापक आले, त्यांनी स्वच्छ टाकी पाहिली. “मॅडम, तुमच्या क्षेत्रभेटीचा फरक पडला हो!” म्हणत मोबाइल काढला आणि मुलांना रांगेत उभं केलं.

रजिस्टर माझ्यापुढे आलं. वाटप: ४१, असं लिहून मी सही केली.