झर्क्सीसने सैन्य मोजलं, पण कसं?

लढायांची पुस्तकं वाचताना माझं लक्ष भलतीकडेच असतं, म्हणजे तलवारबाजी राहिली बाजूला, एवढ्या लोकांना जेवायला कोण घालत होतं आणि ही माणसं मोजली कोणी हेच डोक्यात फिरत राहतं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस उघडला होता थर्मोपिलीच्या लढाईसाठी आणि अडकलो त्याच्या आधीच, डोरिस्कस नावाच्या ठिकाणी. इ.स.पू. 480 मध्ये ग्रीसवर चालून जाताना इराणचा सम्राट झर्क्सीस याने तिथे सैन्य मोजलं, कसं तर 10 हजार माणसं दाटीवाटीने उभी केली, भोवती गोल आखला, त्यांना बाहेर काढून त्या गोलावर बेंबीएवढी भिंत घातली आणि मग धान्य मापाने मोजतात तसं भरायचं, ओतायचं, परत भरायचं. पायदळ निघालं 17 लाख. म्हणजे 170 मापं!! पुढे आरमार, घोडदळ, नोकरचाकर धरून आकडा जातो 52,83,220 वर. त्यातले शेवटचे 220 मला फार आवडतात.

मग तो धान्याचाही हिशोब मांडतो. माणशी रोज एक खोइनिक्स (हे धान्याचं ग्रीक माप), 48 खोइनिक्सचा एक मेडिम्नस, उत्तर 1,10,340 मेडिम्नस. मी मोबाइलवर भागून बघितलं तर 1,10,067 आले, दोनदा केलं तरी तेच. (अभ्यासकांना ही चूक कधीचीच माहितीय, पण आपली आपल्याला सापडली की मजा वेगळीच.)

हान्स डेलब्रुक नावाचा जर्मन इतिहासकार, हा 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात स्वतः होता, त्याने सरळ रस्त्याचं गणित केलं. 30 हजारांची एक कोअर (म्हणजे सैन्याची मोठी तुकडी) चालायला लागली की रांग होते साधारण 22 किलोमीटरची, मग हेरोडोटसचं सैन्य खरं मानलं तर पुढचा माणूस थर्मोपिलीला पोचला तरी मागचा इराणी राजधानी सुसाहून जेमतेम निघत असेल. संपला विषय. आजचे लोक लाख-दोन लाखांच्या घरात बोलतात, त्यातही भांडणं आहेतच.

पण म्हणून हेरोडोटसला थापाड्या म्हणून फेकून द्यायचं हे मला नाही पटत. त्याने दिलेल्या सैन्याच्या यादीत भारतातून आलेले सैनिक सुती कपड्यात आहेत, वेताची धनुष्यं, बाणांना लोखंडी टोकं, असं एकेका टोळीचं बारीक वर्णन आहे. आणि मापाची ती पद्धत तर मला खरीच वाटते. फक्त पहिली 10 हजार माणसं अंगाला अंग लावून उभी केली होती ना, मग शंभराव्या खेपेला आत शिरलेले तसेच चिकटून उभे राहिले असतील का? जरा ऐसपैस उभे राहिले की झालं, माप भरलं.