उत्तरेकडचे सुटे दगड

माझ्या नकाशावर दफनभूमीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात दोनच शब्द होते: सुटे दगड. खाली आकडा, 53. प्रत्येक दगडावर मी स्वतः पांढऱ्या खडूने नंबर घातला होता, दगड हलवण्याआधी जागेवर त्याचा फोटो काढला होता, आणि पडलेल्या कुंपणभिंतीचं खिंडार भरायला हे दगड कामी येतील असा हिशेबही मांडून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यातले तीन दगड हातगाडीत चढले, आणि एक आजी गाडीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. हे चर्च कैक वर्षांपासून बिनछपराचं आहे. चार भिंती, दर्शनी कमान आणि वेदीमागचा अर्धगोल भाग एवढंच उरलेलं. उपासना नव्या चर्चमध्ये होते, पण लोकांचे पूर्वज इथे मातीत आहेत, त्यामुळे जुनी जागा कुणाच्या मनातून गेलेली नव्हती. काम सुरू होण्याआधी सगळे जमले तेव्हा तरुणांचा आग्रह होता की छप्पर घालायचं, सगळं पूर्वीसारखं करायचं. मी त्यांच्यापुढे दोन फोटो ठेवले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. तिथल्या लोकांनी उरलेल्या भिंती तशाच राखल्या आणि शेजारी नवं कॅथेड्रल उभारलं, त्याचं पवित्रीकरण 1962 मध्ये झालं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च फेब्रुवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं, कित्येक दशकं ढिगारा होऊन पडलं, आणि 1994 ते 2005 या काळात पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या नव्या फिकट भिंतींमध्ये जुने काळवंडलेले दगड आजही वेगळे ओळखू येतात. दोन्ही निर्णय मला आदराचे वाटतात. पण ड्रेस्डेनकडे जुने आराखडे होते, फोटो होते. आमच्या छपराचं एक रेखाचित्रसुद्धा नव्हतं. 1964 चा व्हेनिस जाहीरनामा आमच्या कामात अजूनही पायाभूत मानला जातो, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. छपराचा विचार त्या संध्याकाळी मागे पडला. आहे ते पडू द्यायचं नाही, एवढं ठरलं.

आहे ते टिकवणंही सोपं नसतं. अशा जुन्या भिंती बहुधा तीन थरांच्या असतात: आत आणि बाहेर घडीव दगड, मध्ये दगडगोट्यांचं आणि चुन्याचं भरण. छप्पर गेलं की पाऊस थेट भिंतीच्या माथ्यावर पडतो, आत झिरपतो आणि मधला चुना हळूहळू धुऊन नेतो. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि आतून पोकळ होत जाते. आमच्या भिंतींचं दुखणं आणखी वेगळं होतं. पूर्वी कधीतरी, अगदी मनापासून, कुणीतरी दगडांमधल्या सगळ्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या होत्या. चुना मऊ असतो. भिंतीतला ओलावा दरजांमधून बाहेर येतो आणि सुकतो. झीज व्हायची ती चुन्याची होते, दगड वाचतो. सिमेंट ही वाट बंद करतं. मग पाणी दगडातून वाट काढतं, त्याच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्याकडे कमानीजवळचे काही दगड बशीसारखे आत खोल गेले होते, आणि त्यांच्याभोवती सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या. ते बघून मिस्त्रीकाका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी छिन्नी काढली आणि एकेक रेघ हाताने सोडवायला बसले. यंत्र लावलं असतं तर दगडाच्या कडा गेल्या असत्या.

नवा माल चुन्याचाच. कळीचा चुना पाण्यात सोडला की तो खळखळून उकळतो, मग विरतो. तो निदान तीन महिने पाण्याखाली मुरू द्यायचा, लोण्यासारखा झाला की वाळूत कालवायचा. वाळू कोणती आणि किती, हे जुन्या चुन्याचा तुकडा आम्लात विरघळवून खाली उरलेल्या वाळूवरून ठरवलं. भरलेली दरज ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. घाईने सुकला तर त्याची भुकटी होते. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्यात चुन्यानेच मला माझी चूक दाखवली.

तो दिवस श्रमदानाचा होता. चाळीसेक माणसं आली होती. काहींनी तारेचे ब्रश आणले होते, एकाने आम्लाची बाटली. ते सगळं मी आधी बाजूला ठेवायला लावलं. संगमरवर आणि चुनखडीचा दगड आम्लात अक्षरशः विरघळतो, आणि तारेच्या ब्रशाने शेवाळाबरोबर अक्षरंही जातात. नुसतं स्वच्छ पाणी, मऊ केसांचे ब्रश, आणि दगड आधी पूर्ण भिजवून खालून वर धुवत जायचं. वरून सुरुवात केली तर घाणीचे ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि डाग पडतात. जिथे लेख वाचता येत नव्हता तिथे मुलांना आरसा दिला. उन्हाचा कवडसा बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर पाडला की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर नाव उमटतं. पहिलं नाव दिसलं तेव्हा एक मुलगा ओरडलाच. ते त्याचंच आडनाव होतं.

उत्तरेकडे मिस्त्रीकाका आणि चौघे जण भिंतीच्या कामाला लागले होते. दफनभूमीची ती भिंत सुमारे 14 फूट लांबीत पडली होती. पलीकडे गवतात दगड पसरलेले. भिंत पडली, दगड बाहेरच्या अंगाला घरंगळले, इतकं ते मला उघड वाटलं होतं.

"ते नका नेऊ," आजी म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "तिथं आमची लेकरं आहेत."

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हटलं, "आजी, थडगी सगळी भिंतीच्या आत आहेत. हे भिंतीचे दगड आहेत."

"आत बाप्तिस्मा झालेले, पोरी. माझा भाऊ दोन दिवसांचा होता. फादरना यायला उशीर झाला. बापाने रात्री आणून इथं ठेवला. कोपऱ्यापासून पाचवा."

हातगाडीचे दांडे धरलेल्या मुलाने गाडी जागच्या जागी खाली टेकवली. मी दगडांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच खरोखर पाहिलं. त्या गाडीतल्या तीनपैकी एकाही दगडावर चुना नव्हता. भिंतीतून निखळलेल्या दगडाच्या कुठल्या ना कुठल्या अंगाला चुन्याची पांढरी खपली राहतेच. महिनाभर मी दुसरं काही हाताळत नव्हते. हे दगड घडवलेले नव्हते, नदीतून किंवा शेतातून उचलून आणावेत तसे होते, आणि त्यांचा अर्धा भाग मातीने काळा होता. म्हणजे ते जमिनीवर पडलेले नव्हते, रोवलेले होते. मी त्यांच्यावर नंबर घातले, फोटो काढले, पण चुना नाही हे काही माझ्या लक्षात आलं नाही. भिंतीचे दगड म्हणून बघत होते, तेच दिसले.

फादर आले. त्यांनी दफनाची जुनी नोंदवही आधीच चाळलेली होती. तिच्यात या मुलांची नोंद असणं शक्यच नव्हतं. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेप्रमाणे बाप्तिस्म्याविना गेलेल्यांना चर्चचं दफन मिळत नसे, मग ते अर्भक का असेना. आईवडिलांनी बाप्तिस्मा द्यायचं ठरवलं असेल तर अशा मुलाचं दफन चर्चच्या विधीने होऊ देण्याची मुभा 1983 च्या संहितेत आली. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं सविस्तर मांडलं. फादर हे सगळं आजींना सांगत होते, अगदी हळू आवाजात. आजी म्हणाल्या, "आईला सांगायला पाहिजे होतं हे."

मी काम थांबवलं. खणायचं नाही हे बोलायचीही गरज पडली नाही. गवत हाताने उपटून बाजूला केलं, दोरी ताणली, होकायंत्र घेतलं. ख्रिस्ती दफनात डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवायची जुनी रीत आहे. ढासळलेल्या भिंतीचे दगड कसेही पडतात, पण इथे दगडांच्या जोड्या पूर्व-पश्चिम रेषेत लागत गेल्या. एक उशाला, एक पायथ्याला, मध्ये जेमतेम दोन फूट अंतर. मोठ्या माणसाच्या थडग्यात हेच अंतर सहा फुटांच्या आसपास असतं. दोरी एका जोडीवरून पुढच्या जोडीवर सरकत होती आणि भोवतीची माणसं गप्प होत गेली. दुपारपर्यंत 19 जोड्या निश्चित झाल्या. 9 दगड एकेकटे होते, त्यांचे जोडीदार कुठे गेले ते सांगता येईना. भिंतीचे, म्हणजे चुना लागलेले दगड, 53 पैकी फक्त 6 निघाले.

गाडीतले तीन दगड परत लावायचे होते. त्यांचे नंबर 9, 10 आणि 14. मी आधी घेतलेले फोटो समोर ठेवले. प्रत्येकाची जागा चौकटीत नोंदलेली होती, कुठली बाजू वर आहे तेही दिसत होतं, आणि जमिनीत त्यांच्या खळग्या अजून ओल्या होत्या. तीनही दगड आपापल्या खळगीत बसले. नंबर 10 हा कोपऱ्यापासून पाचव्या जोडीच्या पायथ्याचा होता. मिस्त्रीकाकांनी तो ओळंबा लावून सरळ रोवायला घेतला, तेव्हा आजी म्हणाल्या की तो पहिल्यापासून थोडा कललेला होता. फोटोतही तो कललेलाच होता. काकांनी ओळंबा खिशात टाकला.

मग भिंतीचा प्रश्न आला. दुपारी सगळे तिथेच बसले. भिंत पुन्हा बांधली तर लेकरं पुन्हा बाहेर राहणार, हे एका बाईने बोलून दाखवलं आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्या शिक्षणाप्रमाणे ती भिंत पुरावा आहे. कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, याचा तोच एक लेख आहे. ती पूर्णपणे काढून टाका असं मी म्हणू शकत नव्हते. पण पडलेला भाग उभा करायला तिचे स्वतःचे सहाच दगड शिल्लक होते, म्हणजे बाकीची भिंत नवी आणि अंदाजाची झाली असती. छपराच्या वेळी जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं, आणि या वेळी सांगताना माझा आवाज बदलला होता. 14 फुटांचं खिंडार तसंच राहील असं ठरलं. दोन्ही तुटक्या टोकांना पायऱ्यांसारखे दाते ठेवून ती चुन्यात पक्की केली. सहा दगड तिथेच लागले. आता दफनभूमीतून उत्तरेच्या पट्ट्यात सरळ चालत जाता येतं.

नकाशावरचे ते दोन शब्द मी त्याच रात्री खोडले. 19 जोड्या नव्याने काढल्या, एकेकटे 9 दगड ठिपक्यांनी दाखवले, आणि प्रत्येकापुढे तोच जुना नंबर ठेवला.

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा आजी पाचव्या जोडीजवळ बसल्या होत्या. नंबर 10 वर माझ्या हातचा खडूचा आकडा ठळक दिसत होता. "हे पुसलं तर चालेल?" त्यांनी विचारलं. मी एक फोटो घेतला आणि हो म्हटलं. त्यांनी ओला फडका मागितला.