दहा सेकंदांत किती पावलं: सड्यावरची नोंद, जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढणार नाही, असं मागच्या नोंदीत ठासून लिहिलं होतं. तो निश्चय जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला. मे महिनाभर करपून काळा पडलेला कातळ एका रात्रीत भिजला, आणि सकाळी मी बॅग भरत होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. वय ५४. केस रंगवणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासूनच हे स्वतःचे फोटो काढणं सुरू आहे. जागा एकच, रत्नागिरीतल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ. कपडाही एकच, आईचं विटलेलं सुती नऊवारी. लेन्स ३५ मिमी, कॅमेरा फुल फ्रेम, तोही जुना घेतलेला. रिमोट वापरायचा नाही. दहा सेकंदांचा टायमर लावायचा, बटण दाबायचं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत सुटायचं. दहाव्या सेकंदाला मी जिथे असेन तिथला फोटो.

पहिल्या वर्षी कोरड्या कातळावर माझी सतरा पावलं व्हायची. या जूनमध्ये मोजली तर अकरा. मधल्या काळात उजव्या गुडघ्याने नाटकं सुरू केली आहेत, शिवाय ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, त्यामुळे पाय जपूनच टाकावा लागतो. मला वाटलं होतं की आता फोटो बिघडणार. घरी येऊन दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्या वर्षी मी फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात मावत होते, बाकी सगळा कातळ आणि आभाळ. आता जवळजवळ तिसरा हिस्सा माझाच. चाल मंदावत चालली तशी मी फोटोत मोठी होत चालले आहे. हे मी ठरवून केलेलं नाही, टायमरने केलं. पण आता या मालिकेचा विषयच तो झाला आहे. रात्री दीड वाजेपर्यंत ते दोन फोटो बघत बसले होते. शेवटी ह्यांनी येऊन दिवा घालवला.

फोकसचं बऱ्याच जणांना कोडं पडतं म्हणून सांगते. आधी मी उभी राहणार त्या जागी छत्री रोवून फोकस घ्यायचे. कातळात छत्री कसली रोवणार, दोन चिऱ्यांच्या बेचक्यात अडकवायची. आता तेही करत नाही. लेन्सचं छिद्र बारीक, म्हणजे एफ ८ ठेवून पाच मीटरवर फोकस लॉक केला की अडीच मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग मी अकराव्या पावलावर असो की सतराव्या, फरक पडत नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, मात्र दोन-तृतीयांश स्टॉप (स्टॉप हे उजेडाचं माप) कमी ठेवते. गडद जांभा बघून कॅमेरा फोटो उजळवायला जातो आणि पांढरे केस नुसता पांढरा डाग होऊन जातात.

जुलैत लेकीने फोनवर ऐकवलं, "आई, इंटरव्हल टायमर लाव ना, कशाला धावतेस?" लावला. दर तीन सेकंदांनी एक, असे दोनशे फोटो. सगळे नीटनेटके आणि सगळ्यांत मी 'वयस्कर बाई' या भूमिकेत. कधी हनुवटी वर, कधी नजर लांब समुद्राकडे. एकशे नव्याण्णव काढून टाकले. उरलेल्या एकात नेमक्या त्या क्षणी अंगातून वाफ निघाली होती. रजोनिवृत्तीतून गेलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पावसाची भुरभुर सुरू असताना मी पदराने मान पुसते आहे आणि गळ्यापासून कानापर्यंत लालबुंद झाले आहे. मालिका काळी-पांढरी करायचं ठरलं होतं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही तशीच दिसत होती. पण रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ नोंदीत, रंग असतातच. उघडून बघितलं तर मागे भिजलेला जांभा आणि पुढे माझी मान, दोन्ही एकाच तांबड्यातले. तेव्हापासून मालिका रंगीत आहे.

या पावसात स्वतःचेच फोटो काढणाऱ्या दोघी छायाचित्रकारांचं काम पुष्कळ आठवलं. लॉरा ॲग्युलारने १९९६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, मोठाल्या शिळांशेजारी पाठमोरं बसून आपलं स्थूल शरीर असं टिपलं की शीळ कुठली आणि पाठ कुठली ते क्षणभर कळू नये. आणि फिनलंडची एलिना ब्रोथेरुस, जी शटरची केबल, म्हणजे दुरून बटण दाबायची वायर, फोटोत खुशाल दिसू देते. फ्रान्समधल्या शालों-स्यूर-सोन गावी १९९९ मध्ये काढलेल्या फोटोंच्या जागी ती बारा वर्षांनी पुन्हा जाऊन उभी राहिली. माझा सडा बारा वर्षांनी सडा राहील की त्यावर कुंपण पडेल, देव जाणे.

ऑगस्टमध्ये वाऱ्याने ट्रायपॉड आडवा केला. लेन्स वाचली, हूड फुटलं. आता मधल्या दांड्याला पिशवीत एक चिरा घालून टांगते आणि पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठेवते. बुरशीच्या भीतीने लेन्स सिलिका जेल घातलेल्या डब्यातच ठेवते.

गुरं घेऊन येणारा एक म्हातारा मला रोज बघायचा. एक दिवस न राहवून त्याने विचारलं, "काकी, काय हरवलं काय?" म्हटलं, नाही, फोटो काढते. "कुणाचा?" माझाच. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग त्याच्याकडं पाठ करून पळता कशाला?"

सप्टेंबरमध्ये सड्यावर सीतेची आसवं जांभळी पसरली आणि डबक्यांच्या कडेने गेंद उगवले, पांढरे, टाचणीच्या डोक्यांसारखे. फुलांवर पाय पडू नये म्हणून उघड्या कातळाची एक पट्टी हेरून ठेवली आहे. ती पूर्वेकडे जाते, म्हणजे संध्याकाळचं ऊन सरळ पाठीवर येतं. खाली बसून कॅमेरा गेंदांच्या उंचीला आणला की पुढे त्यांची पांढरी डोकी धूसर येतात आणि त्यांच्यावर माझं एक. खाली बसायला जमतं. उठून चालायला लागेपर्यंत तीन सेकंद जातात, म्हणून तिथे पावलं आठच होतात.

गुडघ्याचे व्यायाम रोज चालू आहेत. काल उभ्या ट्रायपॉडवर बारा पावलं झाली. वारा मागून होता, तेवढं धरून चाला.