पदवीवर विषय काय छापतात, एवढंच विचारत होते

एम.ए.ला साधं मानसशास्त्र घ्यायचं की समुपदेशन मानसशास्त्र, हे २०२२ मध्ये मी तसं एका संध्याकाळीच ठरवलं होतं. मला माणसांसमोर बसून काम करायचं होतं, म्हणजे समुपदेशन. अर्ज भरले, यादीत नाव लागलं. अडलं ते एकाच प्रश्नावर, आणि त्यात अकरा दिवस गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, व्हायची वाट मला बंद करून घ्यायची नव्हती. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ती नुसत्या एम.ए.वर मिळत नाही, मग ते साधं असो की समुपदेशनाचं. तेव्हा पुढे एम.फिल. करावं लागायचं आणि मी पाहिलेल्या माहितीपत्रकात अट होती, ‘मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के’. समुपदेशन मानसशास्त्र त्यात धरणार का? ते पदवीवर विषय काय छापतात यावरच ठरणार होतं.

कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, तर म्हणाले विद्यापीठात विचारा. विद्यापीठाच्या खिडकीवर दीड तास उभी राहिले. आतल्या बाईंनी माझा प्रवेश अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “कॉलेज कळवतं तसं आम्ही छापतो.” परत कॉलेज. आता तिथले साहेब रजेवर. सोमवारी आले आणि म्हणाले, “आधी प्रवेश तर घ्या, दोन वर्षांनी कळेलच.” फी भरायची मुदत गुरुवारी संपत होती! मी लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तर पोच द्यायलाही कोणी तयार नाही. एका ओळीचं उत्तर होतं. एखादी जुनी पदवी कपाटातून काढून दाखवली असती, तरी भागलं असतं.

शेवटी तेच केलं, पण ऑफिसला वगळून. विभागाबाहेर थांबून दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या एका ताईंचा नंबर मिळवला. त्यांनी पदवीचा फोटो पाठवला, मी तो मोठा करून पाहिला. विषय : मानसशास्त्र. समुपदेशनाचे पेपर फक्त गुणपत्रिकेत होते. बुधवारी रात्री फी भरली. तेव्हा माजी विद्यार्थी गाठा, खिडकीवर वेळ घालवू नका.

एम.फिल.ची ती वाटही आता तशी राहिलेली नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. क्लिनिकलकडे जायचं असेल तर आरसीआयच्या संकेतस्थळावरची सध्याची मान्य अभ्यासक्रमांची यादी बघूनच ठरवा.

निवडीचा पश्चात्ताप नाही. पहिल्या सरावाच्या सत्राचं ध्वनिमुद्रण शब्दन् शब्द उतरवून मॅडमना दिलं, तेव्हा त्यांनी माझे सगळे ‘का’ पेन्सिलने गोल करून परत दिले. ‘का’ विचारलं की समोरचा माणूस स्वतःचं समर्थन करायला लागतो, हे त्या कागदाने मला शिकवलं. म्हणून कोर्सचं नाव बघून भुलू नका. समुपदेशनासाठी आलेल्या खऱ्या माणसांसोबत किती तास मिळतात आणि सुपरव्हिजन, म्हणजे त्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख, कोण देतं, हे विचारा. यावर गुळमुळीत उत्तर आलं तर साधं मानसशास्त्र बरं. त्यात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती तरी नीट होतात. आमच्याकडे त्या उरकल्या गेल्या आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी मला त्या स्वतः बसून कराव्या लागल्या.

दूरशिक्षणाचा विचार असेल तर यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. कोणी घेतो म्हणालं तरी पैसे भरू नका.

आणि हो, अभ्यासक्रमाची छापील प्रत कॉलेजचा शिक्का मारून पहिल्याच वर्षी घेऊन ठेवा. पुढे दुसरीकडे अर्ज करताना माझ्याकडे तीच मागितली आणि तोवर नव्या शैक्षणिक धोरणाने आमचा जुना अभ्यासक्रम बदललेला होता.